क्लिपलेस पेडल दोन पावसाळ्यांतच झिजले : चूक कुठे होते आणि निगा कशी राखावी?

मुरूमवाट, पुणे (धागाकर्ता)

नमस्कार.

गेल्या रविवारी उधेवाडीहून लोणावळ्याकडे परतत असताना एका दगडाळ उतारावर माझा उजवा बूट पेडलमधून आपोआप सुटला. मी टाच वळवली नव्हती आणि धक्काही फार मोठा नव्हता. तोल सावरला म्हणून नडगी खरचटण्यावर निभावले. घरी आल्यावर पेडल उजेडात धरून नीट पाहिले, तेव्हा कारण कळले. क्लीटचे (बुटाच्या तळव्याला बोल्टने बसवलेल्या, पेडलमध्ये अडकणाऱ्या धातूच्या तुकड्याचे) पुढचे टोक जिथे अडकते, तिथल्या पोलादी ओठावर चकचकीत खाच पडली आहे, आणि क्रॅंक (पेडल ज्यात बसते तो दांडा) एका हाताने घट्ट धरून पेडल वरखाली हलवले की आत टक् टक् असा खेळ जाणवतो.

पेडल शिमानोचे पीडी-एम५२० आहे. याच पेडलवर आठ-दहा वर्षे काढलेले सायकलस्वार माझ्या ओळखीचे आहेत. त्यामुळे दोष पेडलचा नसून माझ्या निगराणीचा आहे, हे मान्य करूनच हा धागा काढतो आहे. मी काय काय केले ते सांगतो. चिखलातल्या प्रत्येक फेरीनंतर सायकल मोटारी धुण्याच्या ठिकाणी नेऊन दाबाच्या पाण्याने धुऊन घेतली. क्लीट एकदाही बदलले नाहीत. पेडलची आस एकदाही उघडली नाही. आणि बूट सैल बसू लागला तेव्हा स्प्रिंगचा स्क्रू आवळत गेलो.

नव्याने डोंगरात सायकल नेणाऱ्यांसाठी नावाचा एक खुलासा करतो. या पेडलमध्ये बूट अडकतो, तरी त्याला 'क्लिपलेस' म्हणतात, कारण पूर्वी बोटांपुढे जी पट्ट्याची क्लिप असे ती यात नाही. शिमानोने १९९० साली डोंगरी सायकलींसाठी एसपीडी (शिमानो पेडलिंग डायनॅमिक्स) पद्धत आणली, आणि तळव्यात खोल बसणारे दोन बोल्टचे छोटे क्लीट तेव्हापासून रूढ झाले. या क्लीटमुळे चालता येते, आणि मला वाटते की आपल्या वाटांवर तेच त्याच्या मुळावर येते.

अशी झीज आधीच ओळखायची कशी आणि थांबवायची कशी, हे अनुभवी मंडळींनी सविस्तर सांगावे, ही विनंती.

छर्रेवाला, नाशिक

मुरूमवाट, आपण सगळे स्पष्ट लिहिलेत म्हणून उत्तर देणे सोपे झाले. आपल्या चार सवयींपैकी सर्वांत महागात पडलेली सवय शेवटची आहे, म्हणून तिथूनच सुरुवात करतो.

एसपीडी पेडलमध्ये क्लीटचे पुढचे टोक पुढच्या पोलादी कमानीखाली शिरते, आणि मागची बाजू स्प्रिंगच्या जोरावर असलेल्या मागच्या कमानीखाली खटकन बसते. क्लीट नवे असते तेव्हा दोन्हीकडे ते घट्ट भिडलेले असते. पुढचे टोक झिजून पातळ झाले की क्लीट आणि कमान यांच्यामध्ये फट पडते, आणि पाय खाली दाबला जाताना व वर ओढला जाताना, म्हणजे पेडलच्या प्रत्येक फेऱ्यात, धातूवर धातू आपटतो आणि घासतो. त्या फटीत आपल्याकडची मुरमाची बारीक धूळ तेलात कालवून बसली की पॉलिशची पेस्ट लावून घासल्यासारखे काम सुरू होते. अशा वेळी स्प्रिंग आवळली की खडखड थांबते आणि आपल्याला बरे वाटते. प्रत्यक्षात फट तशीच राहते आणि घासण्याचा दाब मात्र वाढतो. म्हणून माझा नियम असा आहे की एकदा जुळवलेली स्प्रिंग पुन्हा आवळावीशी वाटली, तर आधी बूट उलटा करून क्लीट तपासायचे.

क्लीटची जोडी पेडलच्या किमतीच्या लहानशा अंशात मिळते. झिजायचे असेल तर तिने झिजावे आणि पेडलने टिकावे, असा सगळा हिशेब आहे. किलोमीटरचा आकडा धरून क्लीट बदलण्याच्या मी विरोधात आहे. धरणाच्या कडेने कच्च्या रस्त्यावर महिनाभर फिरणाऱ्याचे क्लीट नव्यासारखे राहते, आणि बसाल्टच्या कातळावरून सायकल खांद्यावर घेऊन तासभर चढणाऱ्याचे क्लीट त्या एका तासातच बरेच खरवडून निघते. मी हत्यारांच्या डब्यात एक कोरे क्लीट कायम ठेवतो. दर दोन महिन्यांनी बूट खिडकीशी नेऊन जुन्याशेजारी नवे धरतो. नव्याच्या पुढच्या टोकाला जाडी आणि सरळ कडा असते. जुन्याचे टोक खालून तासल्यासारखे उतरते झाले असेल, त्यावर नख फिरवल्यावर धार लागत असेल, किंवा टाच किती अंशात वळवल्यावर बूट सुटेल याचा भरवसा उरला नसेल, तर ते काढून टाकावे.

बुटाच्या तळव्याकडेही लक्ष द्यावे. क्लीटच्या दोन्ही बाजूंचे रबरी खूर पेडलच्या अंगावर टेकायला हवेत. ते झिजून गेले की तुमचा सगळा भार एवढ्याशा क्लीटवर येतो आणि बूट डावी-उजवीकडे डुलत राहतो. त्या डुलण्याने कमानी कडेने झिजतात. आपल्या पेडलवरची खाच मधोमध आहे की एका कडेला, हे कृपया पाहून सांगा.

येऊरची, ठाणे

उपयुक्त धागा आहे. माझे दोन प्रश्न आहेत.

पावसाळ्यात येऊरहून परतले की माझ्या पेडलमध्ये पाय अडकवताना किरकिर होते आणि बूट सोडताना जड जाते. मी त्यावर डब्यातले गंजरोधक स्प्रे मारते. आठवडाभर छान चालते आणि मग पुन्हा तेच. हे योग्य आहे का? दुसरे म्हणजे, चढावर जोर लावला की पायाखालून 'कट् कट्' असा आवाज येतो. दुकानात बॉटम ब्रॅकेट (फ्रेममधले क्रॅंकचे बेअरिंग) बदलून घ्या असे सांगितले, ते बदलले, आणि आवाज जसाच्या तसा आहे.

छर्रेवाला, नाशिक

ताई, तो स्प्रे पातळ असतो. गंजलेला बोल्ट सोडवायला तो उत्तम आहे, पण वंगण म्हणून तो टिकत नाही. शिवाय फवारा आसेच्या रबरी सीलवर गेला तर आतले ग्रीस पातळ होऊन बाहेर येते. स्प्रिंगसाठी साखळीचेच तेल वापरा. उन्हाळ्यात मेणाचे किंवा कोरडे राहणारे, पावसाळ्यात ओलाव्यात टिकणारे. आधी जुन्या दात घासायच्या ब्रशाने आणि साबणाच्या कोमट पाण्याने स्प्रिंगच्या वेटोळ्यांतला चिखल काढा, वाळू द्या, मग स्प्रिंगवर आणि कमानींच्या सांध्यांवर एकेक थेंब सोडा. दोन-तीन वेळा हाताने कमान दाबून सोडा आणि वर राहिलेले तेल चिंधीने पूर्ण पुसा. हा पुसण्याचा भाग लोक टाळतात. क्लीट जिथे बसते तिथे ओले तेल राहिले की पुढच्या फेरीत धूळ तिथेच येऊन चिकटते.

आवाजाबाबत सांगायचे तर आधी क्लीट काढून पाहा. क्लीटचा तळ आणि बुटातली पत्र्याची पट्टी यांच्यामध्ये बारीक वाळू गेली की जोर लावताना नेमका असाच आवाज येतो आणि तो फ्रेममधून घुमत बॉटम ब्रॅकेटमधून आल्यासारखा वाटतो. दोन्ही पृष्ठभाग पुसा, ग्रीसचा पातळ हात फिरवा, बोल्टच्या आट्यांना ग्रीस लावा आणि ४ मिमीच्या ॲलन कीने बोल्ट ५ ते ६ न्यूटन-मीटरपर्यंत आवळा. क्लीट काढण्यापूर्वी त्याच्या कडेने पेन्सिलीने किंवा मार्करने रेघ मारून ठेवा, म्हणजे जुळवणी बिघडून गुडघा दुखायला लागणार नाही.

खारेवारे, सावंतवाडी

कोकणातला अनुभव जोडतो. इथे जांभ्याची लाल माती आणि खारी दमट हवा यांच्यामुळे पेडलच्या आधी क्लीटचे बोल्ट जातात. बोल्टच्या डोक्यातल्या षटकोनी खाचेत माती बसते, चालून चालून ती दाबली जाते, वाळली की विटेसारखी घट्ट होते, आणि खाली गंज चढतो. मग ॲलन की अर्धीच आत जाते, जोर लावला की खाच गोल होते, आणि क्लीट झिजलेले दिसत असूनही बदलता येत नाही. माझ्या एका बुटावर हीच वेळ आली होती. शेवटी बोल्टची डोकी ड्रिलने उडवावी लागली.

आता मी वेगळे करतो. नवे क्लीट बसवले की बोल्टच्या खाचेत मेणबत्तीचे मेण वितळवून भरतो. मेण मातीला आत येऊ देत नाही आणि काढताना दाभणाच्या टोकाने सहज निघते. ज्यांचे बोल्ट आधीच मातीने भरले आहेत त्यांनी घाई करू नये. दाभणाने खाच तळापर्यंत कोरावी, गंज सोडवणारे तेल टाकून बूट रात्रभर तसाच ठेवावा, सकाळी ॲलन की खाचेत ठेवून हातोडीने हलकेच ठोकून पूर्ण आत बसवावी आणि मगच फिरवावी. हातोडीच्या त्या दोन-तीन ठोक्यांनीही गंजाची पकड ढिली होते.

पेडल क्रॅंकमध्ये जिथे बसते तिथल्या आट्यांनाही ग्रीस हवेच. पोलादी आस आणि ॲल्युमिनियमचा क्रॅंक खाऱ्या ओलाव्यात एकमेकांना धरून ठेवतात. सेवेसाठी पेडल निघालेच नाही, तर पुढची चर्चा कशाला?

घाटधार, सातारा

क्लीटविषयीचे सगळे पटले. आसेबाबत मात्र माझे मत वेगळे आहे. मी सात वर्षे एकच पेडल वापरतो आहे आणि ते एकदाही उघडलेले नाही. कारखान्यात भरलेले ग्रीस आणि सील चांगले असते. अननुभवी हाताने उघडून पुन्हा बसवताना कोन (छर्रे ज्यावर फिरतात तो शंकूसारखा नट) जास्त आवळला गेला, तर चांगले बेअरिंग आपणच खराब करतो. खेळ जाणवला तरच उघडावे, असे मला वाटते.

छर्रेवाला, नाशिक

घाटधार, आपण सायकल बादलीतल्या पाण्याने आणि कपड्याने धुता, हे आपल्या जुन्या प्रतिसादांतून मला माहीत आहे. सात वर्षांमागचे कारण तेच आहे. ज्याने सीलवर दाबाचे पाणी मारले, त्याच्या पेडलमध्ये पहिल्याच पावसाळ्यात पाणी शिरलेले असते. आणि खेळ जाणवेपर्यंत थांबण्याशी मी सहमत नाही. कप-कोन प्रकारच्या बेअरिंगमध्ये खेळ जाणवतो तेव्हा बहुतेक वेळा कोनावर खड्डे पडलेले असतात, आणि खड्डे ग्रीसने बुजत नाहीत.

त्याआधीची खूण सोपी आहे. पेडलला बोटाने झटका देऊन गिरकी द्या. ग्रीस भरलेले पेडल एक-दोन फेऱ्यांत जड गतीने थांबते. नवे घेतलेले पेडल असे लवकर थांबले की काहींना ते खराब वाटते. तसे नाही. पंख्यासारखे भिरभिर फिरत राहणारे पेडल आतून कोरडे पडलेले असते. बोटांना कचकच लागत असेल, तर वाळू आत आहे.

आता एम५२०ची आस कशी काढायची ते लिहितो, कारण चुकीच्या दिशेने जोर लावल्यामुळे इथे बहुतेक नुकसान होते. क्रॅंकमधून पेडल काढताना डाव्या पेडलचे आटे उलटे असतात, हे बहुतेकांना ठाऊक असते. पेडलच्या पोटात आस धरून ठेवणाऱ्या लॉकबोल्टचे गणित मात्र बरोबर उलट आहे. तिथे उजव्या पेडलचे आटे उलटे आणि डाव्याचे सरळ असतात. हा बोल्ट प्लॅस्टिकचा आहे आणि त्यासाठी टीएल-पीडी४० नावाचे खाचांचे हत्यार लागते. हत्यार शेगड्यात (व्हाइसमध्ये) पकडावे, पेडल त्यात उभे बसवावे आणि पेडलचे अंग हाताने फिरवावे. शिमानोच्याच एक्सटी मालिकेतल्या अलीकडच्या पेडलना धातूचा बोल्ट असतो आणि तिथे १७ मिमीचा पाना चालतो.

बोल्ट सुटला की आस बेअरिंगसह एकसंध बाहेर येते. कोन सोडायची गरज नाही, छर्रे मोजायची गरज नाही. पेडलच्या पोकळीतले जुने ग्रीस कापडाने पुसून काढा, तळाशी नवे जलरोधक ग्रीस भरा, साधारण पोकळीचा तिसरा हिस्सा, आणि आस पुन्हा सावकाश आत फिरवा. आस आत जाईल तसे नवे ग्रीस छऱ्यांमधून वर ढकलले जाते आणि सीलच्या कडेने जुने काळे ग्रीस बाहेर येऊ लागते. ते पुसा, आस पुन्हा काढा, थोडे ग्रीस भरा, पुन्हा फिरवा. बाहेर येणाऱ्या ग्रीसचा रंग नव्यासारखा झाला की थांबा. शेवटी लॉकबोल्ट १० ते १२ न्यूटन-मीटरवर आवळा. पोकळी काठोकाठ भरू नका. आस आत जाताना दाब वाढतो आणि सील बाहेर ढकलले जाऊ शकते. घाटधारांना ज्या कोनाची काळजी वाटते, त्याला या पद्धतीत हातही लागत नाही.

मी हे वर्षातून दोनदा करतो, मे अखेरीस आणि दसऱ्याच्या आसपास. दसऱ्याला हत्यारे पुजायला बाहेर काढलेलीच असतात.

ट्वीडकाठ, एडिंबरा

मूळचा कोल्हापूरचा, सध्या स्कॉटलंडमध्ये आहे. इथे ग्लेनट्रेसच्या वाटांवर जवळजवळ वर्षभर ओली, करकरीत वाळू असते, आणि हिवाळ्यात घरी परतताना रस्त्यावर टाकलेले मीठ सायकलला लागते. त्यामुळे इथेही हाच प्रश्न आहे, फक्त धुळीऐवजी चिखल.

मी क्रॅंक ब्रदर्स कंपनीची एगबीटर पेडल वापरतो. यात चिखल अडकायला जागाच नसते, म्हणून निवडली. यांचे क्लीट पितळेचे असतात. पितळ मऊ असल्यामुळे ते लवकर झिजते, आणि ही झीज पेडलचे पोलादी पंख वाचवण्यासाठीच आहे, हे समजले की वारंवार क्लीट घेण्याचे दुःख होत नाही. मात्र याची आतली रचना वेगळी आहे. आसेच्या एका टोकाला बुशिंग आणि दुसऱ्या टोकाला बंद बेअरिंग असते. त्यामुळे छर्रेवालांनी सांगितलेली ग्रीस ढकलण्याची युक्ती इथे लागू नाही. खेळ आला की बुशिंग, बेअरिंग आणि सील यांचा संच मिळतो, तो बदलायचा. पेडल कोणते आहे हे पाहूनच पाना हातात घ्यावा, एवढेच नव्या मंडळींना सांगेन.

आणखी एक गोष्ट. ओली सायकल गाडीच्या डिकीत किंवा घरात तशीच ठेवू नये. मी परतल्यावर, दुसरे काही झाले नाही तरी, पेडल आणि क्लीट एवढे तरी बाटलीतल्या पाण्याने धुऊन पुसतो. दोन मिनिटे लागतात.

मुरूमवाट, पुणे (धागाकर्ता)

सर्वांचे मनापासून आभार. हत्यार मागवले, शेजारच्या फॅब्रिकेशनवाल्यांच्या शेगड्यावर शनिवारची सकाळ काढली, आणि जे दिसले ते इथे नोंदवतो.

डाव्या पेडलमधून पहिल्यांदा जे ग्रीस बाहेर आले ते गेरूच्या रंगाचे होते. बोटांत चोळल्यावर त्यात कण लागत होते. तीन वेळा आस आत-बाहेर केल्यावर ते स्वच्छ झाले, खेळ नाही, गिरकी आता जड आणि गुळगुळीत आहे. उजव्या पेडलचे ग्रीस मात्र ताकासारखे पांढुरके झाले होते. पाणी त्यात पार मिसळून गेले होते. इथे खेळ होताच, म्हणून ७ आणि १० मिमीच्या पान्यांनी लॉकनट व कोन सोडून पाहिले. भिंगाखाली कोनावर देवीच्या व्रणांसारखे खड्डे दिसले. फेरी झाल्यावर मी सायकल उजवी बाजू समोर ठेवून उभी करत असे, त्यामुळे पाण्याचा फवारा त्याच बाजूच्या सीलवर सर्वांत जवळून बसत होता.

छर्रेवालांनी विचारले होते, तर खाच कमानीच्या बाहेरच्या कडेला आहे. बुटाचा तळवा पाहिला तर बाहेरच्या बाजूचे खूर जवळजवळ सपाट झाले आहेत. आपण सांगितलेले डुलणे ते हेच.

नवे एसएच५१ क्लीट बसवून पाहिले. डाव्या बाजूला बूट घट्ट बसतो. उजव्या बाजूला नव्या क्लीटनेही तो वरखाली हलतो, म्हणजे कमानच गेली आहे. उजवे पेडल आता वापरणार नाही. नवीन जोडी घेतली आहे. डावे जुने पेडल सुटे भाग म्हणून ठेवले आहे. दाबाच्या पाण्याने धुणे बंद केले.

एकच शंका उरली आहे. नव्या पेडलवर स्प्रिंग किती ठेवावी? पुन्हा तीच चूक करायची नाही.

छर्रेवाला, नाशिक

सर्वांत सैल स्थितीपासून सुरुवात करा. प्रत्येक पेडलला दोन बाजू आहेत, म्हणजे एकूण चार स्क्रू, आणि ३ मिमीची ॲलन की फिरवताना प्रत्येक टप्प्याला 'टिक्' असे जाणवते. ते मोजून चारही स्क्रू सारखेच ठेवा आणि आकडा बुटाच्या जिभेच्या आतल्या बाजूला मार्करने लिहा. पाय वर ओढताना सुटला तर एक टिक् वाढवा, आणि दोन-तीन फेऱ्यांत तो आकडा पक्का करा. पुढे कधी तोच आकडा अपुरा वाटला, तर काय तपासायचे ते आपल्याला आता ठाऊक आहे.

पेडल बसवताना आट्यांना ग्रीस लावा, पहिले दोन-तीन आटे हातानेच फिरवा, मग ३५ ते ५५ न्यूटन-मीटर. क्लीटचे बोल्ट पहिल्या फेरीनंतर पुन्हा एकदा तपासा, कारण बुटाचा तळवा दबून ते थोडे सैल होतात. खारेवारेंचे मेण त्यानंतरच भरा.

आणि त्या बुटाचा तळवा चांभाराकडून नव्या रबराने बांधून घेता येतो. क्लीटच्या दोन्ही बाजूंना जुन्या खुरांएवढीच उंची ठेवायला सांगा. जास्त झाली तर क्लीट पेडलपर्यंत पोचणार नाही, म्हणून चांभाराकडे जाताना पेडल सोबत घेऊन जा.